अतिशीत प्रदेशांतील बांधकाम

अतिशीत प्रदेशांतील बांधकाम ही स्थापत्य अभियांत्रिकीची एक विशेष शाखा आहे. ध्रुवीय, उपध्रुवीय आणि अतिउंच पर्वतीय प्रदेशांतील इमारती, रस्ते, लोहमार्ग, नळवाहिन्या व विमानतळ यांची आखणी, बांधणी आणि देखभाल यांचा तीत अभ्यास केला जातो. सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, स्वालबार्ड, तिबेटचे पठार आणि अंटार्क्टिका ही या शाखेची प्रमुख कार्यक्षेत्रे आहेत.

कडाक्याच्या थंडीपासून माणसाचे रक्षण करणे हा या शाखेचा एक उद्देश आहे. मात्र तिच्यापुढील सर्वांत अवघड प्रश्न उष्णतेचा असतो. गोठलेली जमीन दगडासारखी भक्कम असते. तिच्यावरील इमारतीची ऊब खाली झिरपली, की जमिनीतील बर्फ वितळतो आणि तीच जमीन चिखल होऊन खचते. त्यामुळे घर उबदार ठेवणे आणि त्याखालची जमीन थंड ठेवणे अशा दोन परस्परविरोधी गरजा एकाच रचनेने भागवाव्या लागतात. आर्क्टिक प्रदेशाच्या तापमानवाढीमुळे एकविसाव्या शतकात हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे.

गोठलेल्या जमिनीचे स्वरूप

जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धातील उघड्या भूभागाचा जवळपास एक चतुर्थांश भाग पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशात मोडतो. रशियाचा निम्म्याहून अधिक भूप्रदेश अशा जमिनीचा आहे. पर्माफ्रॉस्टची जाडी काही ठिकाणी काही मीटर, तर सायबेरियाच्या काही भागांत शेकडो मीटर असते.

पर्माफ्रॉस्टच्या वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्यास सक्रिय थर असे म्हणतात. शेवाळ आणि दलदलीतील वनस्पतींचे आच्छादन या थरावर असते आणि ते नैसर्गिक उष्णतारोधकाचे काम करते. हे आच्छादन खरवडून काढल्यास उन्हाळ्यातील उष्णता अधिक खोलवर पोहोचते.

पर्माफ्रॉस्टमधील बर्फाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. अखंड खडकात किंवा कोरड्या वाळूत ते नगण्य असते आणि अशी जमीन वितळली तरी फारशी खचत नाही. बारीक गाळमातीत मात्र बर्फाचे जाड थर व पाचरी असू शकतात. अशा जमिनीतील बर्फ वितळला, की त्याने व्यापलेली जागा मोकळी होते आणि पृष्ठभाग असमान रीतीने खाली बसतो. म्हणूनच बांधकामापूर्वी विवरे खोदून मातीचा प्रकार, बर्फाचे प्रमाण आणि निरनिराळ्या खोलींवरील तापमान तपासणे अनिवार्य मानले जाते.

जमीन खचण्याप्रमाणे ती फुगणे हाही धोका असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून जमीन फुगते, असा पूर्वी समज होता. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे दाखवले. त्यांनी पाण्याऐवजी गोठताना आकुंचन पावणाऱ्या बेंझीनचा वापर केला, तरीही माती फुगली. गोठणाऱ्या थराकडे खालचे द्रव सतत ओढले जाते आणि तेथे भिंगाच्या आकाराचे थर साचत जातात, हे त्यामागील खरे कारण होय. या प्रक्रियेचा जोर एवढा असतो, की पुरेसे खोल न रोवलेले खांब आणि कुंपणाचे डांब दरवर्षी थोडे थोडे वर उचलले जातात.

इतिहास

शीत प्रदेशांतील मूळ रहिवाशांनी स्थानिक साहित्यातून परिणामकारक निवारे विकसित केले होते. इन्युइट लोकांच्या इग्लूमध्ये प्रवेशमार्ग खालच्या पातळीवर आणि झोपण्याचा ओटा उंचावर असतो. जड थंड हवा खाली राहते व उबदार हवा ओट्यापाशी साचते. हिमाच्या ठोकळ्यांत अडकलेली हवा उष्णतारोधकाचे काम करते. सायबेरियातील याकूत लोक 'बलागान' नावाच्या लाकडी घरांना हिवाळ्यापूर्वी बाहेरून माती आणि शेणाचा गिलावा देत असत.

याकुत्स्क हे १६३२ मध्ये स्थापन झालेले शहर पर्माफ्रॉस्टवर वसलेले आहे. तेथील जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रशियन-अमेरिकन कंपनीचे तेथील अधिकारी फ्योदोर शेर्गिन यांनी १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खोदण्यास सुरुवात केली. सुमारे ११६ मीटर खोल जाऊनही जमीन गोठलेलीच आढळली आणि पाणी लागले नाही. पुढे १८४० च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी याच विहिरीत निरनिराळ्या खोलींवरील तापमान मोजले. जमिनीखालील गोठलेल्या थराच्या शास्त्रीय अभ्यासाचा हा प्रारंभ मानला जातो.

सोव्हिएत संघात मिखाईल सुमगिन यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. याकुत्स्क येथे १९६० मध्ये पर्माफ्रॉस्ट संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अमेरिकेत या विषयाची निकड दुसऱ्या महायुद्धात जाणवली. १९४२ मध्ये सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा अलास्का महामार्ग आठ-नऊ महिन्यांत तयार करण्यात आला. काही भागांत बुलडोझरने वरचे शेवाळ काढून टाकल्यावर खालची जमीन वितळून वाहने चिखलात रुतू लागली. तेव्हा आच्छादन तसेच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे टाकण्याची आणि वर भराव घालण्याची पद्धत स्वीकारावी लागली. १९४३ मध्ये सायमन म्युलर यांनी रशियन संशोधनाच्या आधारे अमेरिकी सैन्यासाठी अहवाल तयार केला. 'पर्माफ्रॉस्ट' हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

पायाची रचना

सोव्हिएत बांधकाम नियमावलीत पर्माफ्रॉस्टवरील पायासाठी दोन तत्त्वे सांगितलेली आहेत. पहिल्या तत्त्वानुसार इमारतीच्या संपूर्ण आयुष्यात जमीन गोठलेलीच ठेवली जाते. दुसऱ्या तत्त्वानुसार जमीन वितळणार हे गृहीत धरले जाते आणि ती आधीच वितळवून घेतली जाते, बर्फयुक्त माती बदलली जाते किंवा खचणे सोसू शकेल अशी रचना केली जाते. एकाच इमारतीखाली दोन्ही तत्त्वे मिसळणे धोक्याचे असते, कारण एक भाग स्थिर राहून दुसरा खचल्यास भिंतींना तडे जातात.

उघड्या पोकळीचा पाया

पहिल्या तत्त्वाचा सर्वाधिक प्रचलित आविष्कार म्हणजे खांबांवर उभी केलेली इमारत. तळमजल्याची लादी जमिनीपासून साधारण एक ते दोन मीटर उंच ठेवली जाते. या पोकळीतून हिवाळ्यातील थंड वारा वाहतो, इमारतीतून झिरपणारी उष्णता वाहून नेतो आणि जमीन गोठलेली राखतो. उन्हाळ्यात इमारतीची सावली जमिनीचे उन्हापासून रक्षण करते. याकुत्स्क आणि नोरिल्स्क येथील बहुमजली इमारती, तसेच कॅनडातील इनुविक व स्वालबार्डमधील लाँगइयरब्येन येथील अनेक घरे याच पद्धतीने बांधलेली आहेत.

खांब रोवण्यासाठी गोठलेल्या जमिनीत छिद्र पाडले जाते, त्यात लाकूड, पोलाद किंवा काँक्रीटचा पाइल उभा करून भोवतीची जागा वाळू व पाण्याच्या मिश्रणाने भरली जाते. हे मिश्रण गोठून पाइलला घट्ट पकडते. इमारतीचा भार मुख्यतः या पकडीवर तोललेला असतो. बर्फाची पकड तापमानावर अवलंबून असल्याने जमीन उणे ५ अंशांवरून उणे १ अंशावर आली, तरी ती वितळण्यापूर्वीच पाइलची भारवहनक्षमता मोठ्या प्रमाणात घटते.

पोकळी मोकळी ठेवणे हा या रचनेचा प्राण आहे. ती बंद करून गोदाम केल्यास, तेथे हिम साचू दिल्यास किंवा नळातून गरम पाणी गळत राहिल्यास सुस्थितीतील इमारतही धोक्यात येते.

थर्मोसायफन

ज्या वास्तू उंच उचलता येत नाहीत, त्यांच्याखालील जमीन थंड ठेवण्यासाठी थर्मोसायफन वापरतात. अमेरिकन अभियंता अर्विन लाँग यांनी हे साधन १९६० च्या दशकात अलास्कात प्रचारात आणले. यात दोन्ही टोकांना बंद असलेल्या नळीत अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइडसारखा पदार्थ भरलेला असतो. नळीचा खालचा भाग जमिनीत आणि वरचा, धातूचे पंखे जोडलेला भाग हवेत असतो. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा थंड असताना तळाशी असलेला द्रव जमिनीची उष्णता घेऊन वाफ बनतो, वाफ वर जाऊन उष्णता हवेत सोडते आणि पुन्हा द्रव होऊन खाली उतरते. उन्हाळ्यात हवा जमिनीपेक्षा उबदार झाली, की हे चक्र आपोआप थांबते. त्यामुळे यंत्र, इंधन किंवा वीज न वापरता उष्णता फक्त एकाच दिशेने, म्हणजे जमिनीतून बाहेर, वाहते.

भिंती, छत आणि वायुवीजन

बाहेर उणे ४० आणि आत २० अंश सेल्सिअस तापमान असल्यास भिंतीच्या दोन बाजूंत ६० अंशांचा फरक पडतो. त्यासाठी जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या आणि एकामागे एक दोन दारे असलेली प्रवेशिका योजतात. दोन दारांमधील जागा थंड हवेचा लोंढा अडवते.

स्वयंपाक, आंघोळ व श्वासोच्छ्वास यांतून घरातील हवेत बाष्प मिसळते. ते भिंतीत शिरल्यास थंड भागात गोठून उष्णतारोधक थर ओला व निकामी करते. म्हणून बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतील, उबदार बाजूस बसवतात. आतून बाहेर सलग गेलेला पोलादी तुकडाही उष्णतेला वाट करून देतो, त्यामुळे असे सांधे टाळले जातात. घर हवाबंद असल्याने ताजी हवा यंत्राने आत घ्यावी लागते आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता तिला दिली जाते.

बांधकामाचे साहित्य

काँक्रीट: सिमेंट व पाणी यांची रासायनिक अभिक्रिया थंडीत मंदावते. पुरेशी ताकद येण्यापूर्वीच काँक्रीट गोठले, तर त्याची अंतर्गत रचना कायमची बिघडते. म्हणून पाणी व खडी गरम करून वापरतात आणि ओतलेल्या काँक्रीटभोवती तंबू उभारून ऊब देतात. वारंवार गोठण्या-वितळण्याने पडणारे तडे टाळण्यासाठी काँक्रीटमध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे मिसळले जातात. गोठणाऱ्या पाण्याला प्रसरणासाठी ते जागा देतात.

पोलाद: सामान्य पोलाद कमी तापमानात ठिसूळ होते आणि आघाताने एकाएकी तडकू शकते. त्यामुळे कमी तापमानातही चिवट राहणारे विशेष पोलाद वापरतात. आकुंचनाचाही विचार करावा लागतो. १०० मीटर लांबीची पोलादी नळी तापमानातील ८० अंशांच्या फरकाने सुमारे १० सेंटिमीटर लहान किंवा मोठी होते.

लाकूड: लाकूड उष्णतेचे मंद वाहक असून थंडीत ठिसूळ होत नाही. वनप्रदेशाजवळील वस्त्यांत ते आजही महत्त्वाचे साहित्य आहे.

पाणीपुरवठा आणि सांडपाणी

पर्माफ्रॉस्टमध्ये पुरलेली नळी दोन्ही बाजूंनी संकट आणते: नळीतील पाणी गोठते किंवा नळीच्या उष्णतेने जमीन वितळते. त्यामुळे अनेक शहरांत नळ जमिनीवरून नेतात. १९५० च्या दशकात वसवलेल्या इनुविक येथे पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि तापवणीच्या नळ्या एकत्र नेणाऱ्या उष्णतारोधक पेट्या घराघरांना जोडलेल्या आहेत. याकुत्स्क येथे जाडजूड आवरणातील नळ्या रस्ता आला, की कमानीसारख्या वर चढून पलीकडे उतरतात. काही ठिकाणी पाणी नळीतून सतत खेळते ठेवतात, जेणेकरून ते गोठत नाही. उत्तर कॅनडातील अनेक लहान वस्त्यांत टँकरने पाणी पुरवले जाते आणि सांडपाणीही टाक्यांतून टँकरनेच उपसले जाते.

वाहतूक आणि नळवाहिन्या

हिवाळी रस्ते

उन्हाळ्यातील दलदल आणि नद्या हिवाळ्यात गोठल्या, की त्यांवरून तात्पुरते रस्ते तयार केले जातात. लेना नदीच्या काठी असलेल्या याकुत्स्कमध्ये पुलाअभावी हिवाळ्यात बर्फावरून आणि उन्हाळ्यात नावेतून वाहतूक चालत आली आहे. बर्फाची भारवहनक्षमता साधारणतः त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जाडी दुप्पट झाल्यास क्षमता सुमारे चौपट होते. अशा रस्त्यांवर वेगमर्यादा कडक असते, कारण धावत्या वाहनामुळे बर्फाखालील पाण्यात लाट उठून बर्फ फुटू शकतो.

ट्रान्स-अलास्का नळवाहिनी

१९७७ मध्ये सुरू झालेली ही खनिज तेलवाहिनी सुमारे १,२८७ किलोमीटर लांब आहे. तिच्यातून गरम तेल वाहणार असल्याने ती सर्वत्र पुरणे शक्य नव्हते. निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६७६ किलोमीटर नळी जमिनीच्या वर सुमारे ७८,००० आधारस्तंभांवर तोललेली आहे. या स्तंभांतील सुमारे १,२४,००० उष्णतावाहक नळ्या थर्मोसायफनच्या तत्त्वावर जमीन गोठलेली ठेवतात. आकुंचन-प्रसरणासाठी नळी नागमोडी आखलेली असून ती आडव्या तुळयांवर सरकू शकते. ३ नोव्हेंबर २००२ रोजी देनाली भ्रंशरेषेवर ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भ्रंश ओलांडणारी नळी तुळयांवर सरकली आणि तेलगळती झाली नाही.

छिंगहाय–तिबेट लोहमार्ग

या लोहमार्गाचा गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा टप्पा १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. त्यातील सुमारे ५५० किलोमीटर मार्ग पर्माफ्रॉस्टवरून जातो आणि तांगुला खिंडीत तो ५,०७२ मीटर उंची गाठतो. तिबेटमधील पर्माफ्रॉस्टचे तापमान शून्य अंशाच्या अगदी जवळ असल्याने केवळ उष्णता अडवणे पुरेसे नव्हते. त्यामुळे जमीन सक्रियपणे थंड करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. भरावात मोठ्या खडीचा थर घालण्यात आला. हिवाळ्यात जड थंड हवा दगडांमधील पोकळ्यांतून खाली उतरते व उबदार हवा वर येते. उन्हाळ्यात उबदार हवा वरच राहिल्याने हे अभिसरण थांबते. याशिवाय थर्मोसायफन, उतारांवर सावली देणारे तक्ते आणि अतिसंवेदनशील भागांत भरावाऐवजी पूल यांचा वापर केला गेला. त्यांपैकी छिंगशुईह पूल सुमारे ११.७ किलोमीटर लांब आहे.

हिमाच्या थरावरील बांधकाम

अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या अंतर्भागात पायाखाली जमीन नसून हिमच असते. ते भाराने दबते, हळूहळू वाहते आणि वाऱ्याबरोबर येणारे नवे हिम इमारतीला गाडून टाकते. ग्रीनलंडमध्ये अमेरिकी सैन्याने १९५९ पासून हिमाखाली बोगदे खोदून कॅम्प सेंचुरी हा तळ उभारला. हिमाच्या दाबाने बोगदे अपेक्षेपेक्षा लवकर आक्रसू लागले आणि १९६० च्या दशकातच तळ सोडून द्यावा लागला.

दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट स्थानकाची २००८ मध्ये समर्पित झालेली इमारत खांबांवर उभी आहे. तिच्या वारा येणाऱ्या बाजूची कड उतरती असल्याने खालून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग वाढतो आणि साचलेले हिम उडून जाते. पुढे हिमाची पातळी वाढल्यास इमारत जॅकने वर उचलण्याची सोय आहे. ब्रिटनचे हॅली-६ स्थानक समुद्रावर तरंगणाऱ्या ब्रंट हिमथरावर आहे. त्याचे आठ विभाग द्रवचालित पायांवर उभे असून पायांखाली स्की बसवलेल्या आहेत. हिमथरातील भेग वाढू लागल्याने २०१६–१७ मध्ये हे विभाग सुटे करून सुमारे २३ किलोमीटर दूर ओढून नेण्यात आले.

अशा ठिकाणी आग हा सर्वांत गंभीर धोका समजला जातो. हवा अत्यंत कोरडी असते, आग विझवण्यासाठी द्रव पाणी दुर्मीळ असते आणि हिवाळ्यात बाहेरून मदत पोहोचणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे निवासाची, विजेची व अन्नाची पर्यायी व्यवस्था स्वतंत्र इमारतीत ठेवली जाते.

भारतातील कार्य

भारताचे अंटार्क्टिकामधील पहिले स्थानक दक्षिण गंगोत्री १९८३–८४ मध्ये हिमथरावर उभारण्यात आले. ते हिमाखाली गाडले जाऊ लागल्याने १९९० मध्ये त्याचा स्थानक म्हणून वापर थांबवण्यात आला. त्यानंतरची दोन्ही स्थानके बर्फमुक्त खडकाळ जागी बांधली गेली. शिर्माकर मरूद्यानातील मैत्री स्थानक १९८९ पासून कार्यरत असून ते पोलादी खांबांवर उभे आहे. लार्समन टेकड्यांवरील भारती स्थानक २०१२ मध्ये सुरू झाले. त्याची इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून तयार केलेली असून बाहेरून वाऱ्याला कमी विरोध करणारे कवच आहे. या स्थानकांचे व्यवस्थापन गोव्यातील वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

लडाखमध्ये कच्च्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणाभिमुख खिडक्या असलेली पारंपरिक घरे आढळतात. सूर्याची उष्णता दिवसा साठवून रात्री आत सोडणाऱ्या ट्रॉम्ब भिंतीचाही तेथे वापर होतो. हिमाचलातील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. हिवाळ्यात हिमाने बंद पडणाऱ्या रोहतांग खिंडीला त्यामुळे पर्याय मिळाला.

हवामानबदलाचा परिणाम

विसाव्या शतकातील बहुतेक वास्तूंची आखणी जमिनीचे तापमान कायम राहील या गृहीतकावर झाली होती. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला असल्याचे २०२२ मधील एका अभ्यासात आढळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील सुमारे ७० टक्के पायाभूत सुविधा आणि जवळपास ४० लाख लोक २०५० पर्यंत जमीन वितळण्याची मोठी शक्यता असलेल्या भागांत असतील.

२९ मे २०२० रोजी नोरिल्स्कजवळील एका वीजकेंद्राची डिझेलची टाकी फुटून सुमारे २१,००० टन इंधन सांडले आणि ते अंबारनाया नदीत पोहोचले. टाकीचे आधारस्तंभ खचल्याने ही दुर्घटना घडली. सुरुवातीला पर्माफ्रॉस्ट वितळल्याचे कारण पुढे करण्यात आले. नंतरच्या चौकशीत पायाच्या आरेखनातील व बांधणीतील दोषही समोर आले. तापत्या जमिनीचा आणि सदोष बांधणी व देखभालीचा परिणाम वेगळा काढणे अनेकदा कठीण असते, हे या घटनेने दाखवून दिले.

स्वालबार्ड येथील जागतिक बियाणे भांडार २००८ मध्ये पर्माफ्रॉस्टमधील डोंगरात उघडण्यात आले. २०१६ मध्ये वितळलेले पाणी त्याच्या प्रवेशबोगद्यात शिरले. बियाण्यांना हानी पोहोचली नाही. मात्र बोगदा जलरोधक करून नव्याने बांधावा लागला. अलास्कातील न्यूटॉक या गावाखालची जमीन वितळून नदीकाठ ढासळत गेल्याने रहिवाशांनी २०१९ पासून मर्टार्विक या नव्या ठिकाणी स्थलांतर सुरू केले.

यावरील उपायांमध्ये विवरांतील तापमापकांद्वारे जमिनीवर सतत लक्ष ठेवणे, जुन्या इमारतींखाली थर्मोसायफन बसवणे, पातळी जुळवता येणारे पाये वापरणे आणि नवीन बांधकामासाठी खडकाळ किंवा कमी बर्फाच्या जागा निवडणे यांचा समावेश होतो. थर्मोसायफन व उघडी पोकळी ही दोन्ही साधने हिवाळ्यातील थंडीवरच चालतात. हिवाळे सौम्य होत गेल्यास त्यांची परिणामकारकताही कमी होते. त्यामुळे इमारतीच्या अपेक्षित आयुष्यात जमीन किती तापेल, याचा अंदाज आखणीच्या वेळीच विचारात घेतला जाऊ लागला आहे.

हेही पाहा

पर्माफ्रॉस्ट
याकुत्स्क
ट्रान्स-अलास्का नळवाहिनी
छिंगहाय–तिबेट लोहमार्ग
मैत्री (संशोधन स्थानक)
भारती (संशोधन स्थानक)